ऑपटनचा ह

पिमेंटो हिल या आमच्या गावात 'ह' हे अक्षर कुणाच्या बापाला आवरत नाही. जिथे हवं तिथून पळतं आणि नको तिथे जाऊन ठाण मांडून बसतं. आम्ही ऑफिसला हॉफिस म्हणतो आणि हॉटेलला ओटेल. अंड्याचं एग आमच्या तोंडात हेग होतं आणि हॅमचं ॲम. गावाच्या नावातलं हिल म्हणजे टेकडी, पण बसचा कंडक्टर दारात लटकून 'इल, इल' असं ओरडतो, आणि इल म्हणजे आजारी, त्यामुळे परका माणूस आधी त्याच्याचकडे काळजीने बघतो. फार कशाला, खुद्द त्या अक्षराचं इंग्रजी नाव एच, तर आम्ही त्याला म्हणतो हेच. आता बोला.

आमचं आमच्यात याने काही अडत नाही. सगळ्या जमैकाने हसावं, खुशाल हसावं, आमचे मासे कढईत पडायचे राहत नाहीत. पंचाईत एकाच माणसाची होती, आणि तो म्हणजे पाट्या रंगवून पोट भरणारा हॉपटन टिंगलिंग. नाव ह वरून, म्हणून अख्खं गाव त्याला ऑपटन म्हणायचं. पन्नाशीला टेकलेला, म्हणून मास ऑपटन, कारण मोठ्या पुरुषमाणसाला आमच्यात 'मास' लावायची रीत आहे. आडनावच टिंगलिंग असल्यावर टिंगल काही सुटणार नव्हती, पण त्याची पाटी चुकली असं मात्र तीस वर्षांत कुणी म्हणू शकलं नव्हतं.

याचं गुपित होतं टीचर रॅट्रे. चाळीस वर्षं गावच्या शाळेचे हेडमास्तर. पोरांच्या तोंडात ह बसवता बसवता त्यांच्या किती छड्या मोडल्या याला गणती नाही. शेवटी छोट्या हॉपटनसमोर त्यांनी हात टेकले आणि त्याला एक मंत्र दिला. "हे बघ बाबा, बोलायचं तुला या जन्मी जमायचं नाही. लिहिताना एवढंच कर. कानाला ह ऐकू आला की लिहू नकोस. ऐकू आला नाही की लिही. या गावाचं जे उलटं, तेच बरोबर."

या मंत्रावर हॉपटन जगला. खानावळवाल्या मिस पॅन्सीने सांगितलं, "लिही, ऑट फिश, हॉल डे," की हा मुकाट्याने 'हॉट फिश, ऑल डे' रंगवायचा. शब्दाचा अर्थ काय, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. ऐकायचं, उलटं करायचं, खडूची रेघ मारायची आणि ब्रश टेकवायचा. सोपं काम.

एकदाच, फक्त एकदाच, त्याने हा मंत्र मोडला होता, आणि त्याचं फळ तो सात वर्षं भोगत होता.

ते असं झालं. मिस इसिल्डा ब्रिसेट ही आमच्या गावची केस करणारी. घराच्या व्हरांड्यात कोळशाच्या शेगडीवर लोखंडी फणी तापवायची आणि बोलता बोलता कसलेही हट्टी केस सरळ करायची. तिच्या नावात ह नाही, म्हणून अर्थातच गाव तिला हिसिल्डा म्हणतं. उंच, ठसठशीत, हसली की समोरच्या दुकानातले लोक मागे वळून बघत. लग्न केलेलं नव्हतं. का नव्हतं, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. हॉपटनचा जीव तिच्यावर जडला तो असा, की तिचं घर ओलांडताना तो हातातली शिडी आडवी धरायचा आणि दोन्ही बाजूंची कुंपणं पाडायचा.

तर सात वर्षांपूर्वी चर्चच्या जत्रेत तिला मनातलं सांगायचं त्याने ठरवलं. आणि सांगायचं तर शुद्ध सांगायचं. आठवडाभर रंगाच्या डब्यात तोंड घालून त्याने एका शब्दाचा सराव केला. डब्यातून आवाज नीट परत आला की समजायचं ह आला. जत्रेत तिला आल्याच्या थंड पेयाचा ग्लास देत, कपाळावरचा घाम पुसत, तो म्हणाला, "मिस हिसिल्डा, माझं हार्ट तुमचंच आहे."

हार्ट. स्वच्छ, खणखणीत, ह सकट.

आता तुम्हीच सांगा, पिमेंटो हिलच्या माणसाने हार्ट म्हटल्यावर पिमेंटो हिलची बाई काय समजणार? ती समजली आर्ट. कला. चित्रकाम. तिला तर भरून आलं. "अगंबाई, किती मोठं मन तुमचं, मास ऑपटन," ती म्हणाली. "मग असं करा, सोमवारी या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फुलदाणी काढून द्या."

सोमवारी तो गेला आणि फुलदाणी काढली. पुढच्या महिन्यात फाटक रंगवलं. मग पाण्याची टाकी, मग खिडक्या, मग शेळ्यांचा गोठा. सात वर्षांत त्या घराची अशी एक वस्तू उरली नाही, जिच्यावर हॉपटनचं आर्ट नव्हतं. हार्ट तेवढं जागच्या जागी पडून होतं. मंत्र सोडला की असं होतं, ही खूणगाठ त्याने मनाशी बांधली.

आणि मग इसिल्डाने एसी घेतला. समुद्रकाठच्या कुठल्याशा हॉटेलने काढून टाकलेला जुना एसी तिने व्हरांड्यालगतच्या खोलीत बसवला. आमच्या टेकडीवरचा पहिला. आता व्हरांडा नाही, आता पार्लर. हॉटेलांत काम करणाऱ्या बायका, झालंच तर पाहुण्या गोऱ्या बायकासुद्धा वर येतील, असा तिचा हिशेब. त्यासाठी तिने आणखी एक गोष्ट केली, आणि त्या गोष्टीने हॉपटनची झोप उडाली. बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ती टीचर रॅट्रेंच्या घरी जायला लागली.

"जाते कशाला?" हॉपटनने मिस पॅन्सीला विचारलं. समोर तळलेला मासा गार होत होता.

"जाते कशाला म्हणे," मिस पॅन्सी म्हणाली. "टीचर एकटे. ती एकटी. पोटभर पेन्शन, छपराला नवे पत्रे. आणि तू काय करतोयस? तिच्या शेळ्यांच्या गोठ्यावर गुलाब काढतोयस."

"गुलाब तिनेच सांगितले होते."

"शेळ्यांनी तर नक्कीच सांगितले नव्हते. खा आता."

एका शुक्रवारी तो टीचरांच्या कुंपणापाशी बुटाची नाडी बांधायला थांबला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या, पण ते असो. आतून आवाज येत होता इसिल्डाचा. "हा. हो. हा. हो." मग ती हसली, टीचरही हसले, आणि पुन्हा "हो, हो". इतक्यांदा हो म्हणण्यासारखं टीचरांनी काय विचारलं असेल, याचा एकच अर्थ हॉपटनला सुचला. घरी जाऊन तो न जेवता झोपला.

चार महिन्यांनी, एका सोमवारी, ती त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"पाटी हवी आहे," ती म्हणाली. "शनिवारी उद्घाटन. लिहून घ्या. वर माझं नाव, इसिल्डा. त्याखाली ह-हेअर ड्रेसिंग. आणि सगळ्यात खाली, एअर कंडिशन्ड."

तिला केवढी धाप लागली होती. शब्दाआधी भसकन श्वास सोडत होती. चढ चढून आल्या, बिचाऱ्या दमल्या, असं वाटून हॉपटनने धावत जाऊन पाणी आणलं. तिने ते घेतलं नाही. त्याच्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पुन्हा एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "शनिवारी बोलू." झालं. शनिवारी टीचरांशी लग्न जाहीर करणार, दुसरं काय.

या मनःस्थितीत तो पाटीला बसला. कानाने ऐकलं होतं हेअर, म्हणजे ह काढायचा. एअर ड्रेसिंग. कानाने ऐकलं होतं एअर, म्हणजे ह घालायचा. हेअर कंडिशन्ड. रंगवता रंगवता एकदा त्याचा ब्रश थबकला, नाही असं नाही. एअर ड्रेसिंग हे काय प्रकरण आहे? पण मागच्या वेळी मंत्र सोडून स्वतःचं डोकं चालवलं तेव्हा काय मिळालं, तर शेळ्यांचा गोठा. शहरातली नवी फॅशन असेल, वाऱ्यावर केस वाळवत असतील, असं म्हणून त्याने पिवळ्या रंगावर निळी कडा ओढली. नाव रंगवताना मात्र त्याने कुठलाच मंत्र आठवला नाही. आय, सी, आय, एल, डी, ए. हात आपोआप चालला.

शनिवारी दुपारी सगळी टेकडी इसिल्डाच्या दारात. बोकडाच्या मुंडीपायांचं सूप मोठ्या डेगीत उकळतंय, कुणी खुर्च्या आणतंय, आत एसी गुरगुरतोय आणि पोरंटोरं पाळीपाळीने आत जाऊन गार होऊन येताहेत. पाटीवर चादर. शिडीवर हॉपटन, इस्त्रीच्या शर्टात, तोंड उतरलेलं. सगळ्यांत पुढे टीचर रॅट्रे, पांढरी हॅट आणि मिटलेली छत्री. इसिल्डा त्यांच्या शेजारी उभी, जांभळ्या ड्रेसमध्ये. तिने मान हलवली आणि हॉपटनने चादर ओढली.

टीचरांनी मोठ्याने वाचलं. चाळीस वर्षांची सवय, वाचल्याशिवाय राहवत नाही. "इसिल्डा. एअर ड्रेसिंग. हेअर कंडिशन्ड."

 मग मिस पॅन्सी म्हणाली, "म्हणजे इथे हवेला वेणी घालून मिळणार, आणि केस गार करून?"

मग काय विचारता. सूप पिणाऱ्यांच्या नाकातून सूप आलं. एकाने दोन्ही हात वर करून "बाई, माझ्या डोक्यावरची हवा जरा मधोमध भांग पाडून द्या" अशी ऑर्डर दिली. दुसरी म्हणाली, माझे केस तेवढे फ्रिजमध्ये ठेव, संध्याकाळी नेते. एका म्हातारीला काही कळलं नाही, पण ती सगळ्यांत जास्त हसत होती. हॉपटनच्या कानांत मात्र काही शिरेना. त्याने पाटी पुन्हा वाचली, या वेळी अर्थ लावून वाचली, आणि हातातली चादर तो परत पाटीवर टाकायला लागला.

इसिल्डा हसत नव्हती.

"हॉपटन टिंगलिंग," ती म्हणाली, "खाली या."

हसणं जागच्या जागी थांबलं. हॉपटन. ह सकट, चांगला घसघशीत ह. या टेकडीवर या माणसाला या नावाने आजवर एकाच माणसाने हाक मारली होती, ती टीचरांनी, आणि तीही छडी उचलताना. हॉपटनने सवयीने आधी हाताचे तळवे शर्टाला पुसले आणि मग तो एकेक पायरी खाली उतरला.

"मी सांगितलं काय, तुम्ही लिहिलंत काय?" तिने पाटीकडे बोट केलं. "चार महिने मी शिकले. तोंडासमोर मेणबत्ती धरून. ह म्हटल्यावर ज्योत हलली पाहिजे आणि एअर म्हटल्यावर हलता कामा नये. तीन वेळा भुवया जळल्या माझ्या. जन्मात पहिल्यांदा बरोबर बोलले, आणि तुम्ही माझी टिंगल केलीत?"

"मी... तुम्ही बरोबर बोलत होता?"

"मग काय करत होते?"

"मला वाटलं दम लागलाय," हॉपटन म्हणाला. "मी पाणी आणलं होतं."

टीचर रॅट्रेंनी छत्री काखेत धरली आणि डोळे मिटले. "माझीच चूक आहे," ते म्हणाले. "एकाला उलटं ऐकायला शिकवलं आणि एकीला सुलटं बोलायला. दोघांची गाठ पडेल हे लक्षातच आलं नाही."

पण इसिल्डाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती पाटीकडे बघत होती. "माझं नाव मात्र बरोबर आहे," ती सावकाश म्हणाली. "मी इसिल्डा सांगितलं. तुमच्या हिशेबाने तिथे ह यायला हवा होता. का नाही घातलात?"

"ते मी ऐकून लिहिलं नाही."

"मग?"

हॉपटन शिडीच्या पायरीवरचा वाळलेला रंग नखाने खरडायला लागला.  मिस पॅन्सीने डेगीतला डाव खाली ठेवला, यावरून काय ते समजा.

इसिल्डा एक पाऊल पुढे आली. "एक विचारते. सात वर्षांपूर्वी, जत्रेत, तुम्ही मला काय म्हणाला होतात? तिसऱ्या आठवड्यात टीचरांनी मला जोड्या लिहून दिल्या. हेअर नि एअर. हॉल नि ऑल. आणि तिसरी जोडी वाचली तशी मी तिथेच थांबले. मला आठवलं, तुमच्या कपाळावर घाम होता. फुलदाणी काढून देतो म्हणायला कुणाला एवढा घाम येत नाही. मी टीचरांना म्हटलं, बाकीच्या जोड्या ठेवा बाजूला. आधी मला एकच शब्द शिकवा. एका माणसाचं नाव नीट म्हणायचंय मला." तिने श्वास घेतला. "तर सांगा. हार्ट म्हणाला होतात की आर्ट?"

"हार्ट."

"आता हार्ट म्हणजे हार्ट, की हार्ट म्हणजे आर्ट?"

"हार्ट म्हणजे आर्ट नव्हे, हार्ट," हॉपटन म्हणाला, आणि आपण नेमकं काय बोललो ते त्याचं त्यालाच कळेना. गर्दीतही गोंधळ उडाला. कुणी म्हणालं आर्ट म्हणाला, कुणी म्हणालं नाही, नाही, हार्ट, आणि आमच्या तोंडून दोन्ही उलटे निघत असल्यामुळे एकमेकांशी सहमत असलेली माणसं कडाकडा भांडायला लागली.

शेवटी हॉपटनने शब्दांचा नाद सोडला. त्याने शिडीला टांगलेल्या निळ्या रंगाच्या डब्यात पंजा बुडवला आणि इस्त्रीच्या शर्टावर, डाव्या बाजूला, धपकन ठेवला. निळी पाच बोटं उमटली.

"हेच," तो म्हणाला.

"एच, हेच नव्हे," टीचर सवयीने पुटपुटले. मग त्यांना अर्थ लागला आणि त्यांनी हॅट काढली.

इसिल्डा हसली. समोरच्या दुकानातले लोक मागे वळले असते, पण दुकानात कुणी नव्हतंच, सगळे इथे होते. "सात वर्षं," ती म्हणाली. "सात वर्षं मी शेळ्यांचा गोठा रंगवून घेत होते. अरे, एकदा तरी पुन्हा म्हणायचंस."

"भीती वाटली," हॉपटन म्हणाला. "पुन्हा म्हटलं असतं तर तू कोंबड्यांचं खुराडंही रंगवायला काढलं असतंस."

पाटी दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही. खालच्या ओळीतला एच टर्पेंटाइनने पुसला आणि वरच्या ओळीत काढला. एकच अक्षर, नको तिथून हवं तिथे. शिडी तिने धरली. पुसलेल्या जागेचा निळसर डाग राहिला, तो अजून आहे. तिने कधी रंगवून घेतला नाही.

चर्चमध्ये लग्नाची घोषणा तीन रविवार करतात. पहिल्या रविवारी बाक खच्चून भरलेले. आमचे पाद्री याच टेकडीचे, शिकायला किंगस्टनला गेले आणि होते तसेच परत आले. चष्मा लावून त्यांनी वाचलं, "ऑपटन टिंगलिंग आणि हिसिल्डा ब्रिसेट यांचा विवाह योजला आहे. कुणाला काही अडचण माहीत असेल, तर आत्ताच सांगावी."

आणि टीचर रॅट्रे उभे राहिले.

 मिस पॅन्सीने शेजारणीचा दंड घट्ट धरला. हॉपटनचा चेहरा राखेसारखा झाला. कुंपणापलीकडचे ते "हो, हो" त्याच्या कानात परत घुमायला लागले.

"मला अडचण आहे," टीचर म्हणाले. "गंभीर अडचण आहे. या माणसाच्या नावात एक ह आहे, तो तुम्ही गाळलात. या बाईच्या नावात ह नाही, तिथे तुम्ही तो लावलात. गेली पन्नास वर्षं हे गाव याचा ह काढून हिला देत आलंय. देवाच्या घरात तरी ज्याचं त्याला परत मिळावं."

पाद्र्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कागद उलटसुलट करून बघितला. काय करावं ते त्यांना कळेना.

तेव्हा इसिल्डा उठली. शेजारी बसलेल्या हॉपटनच्या खांद्यावर तिने हात ठेवला.

"बसा, टीचर," ती म्हणाली. "त्याच्याकडे नसतो तेव्हा तो माझ्याकडे असतो. माझ्याकडेच राहू दे."

टीचर छत्री मांडीवर घेऊन खाली बसले. आणि पाद्र्यांनी घोषणा पहिल्यापासून पुन्हा वाचली, एकही अक्षर न बदलता.